एमजीबीचे जड आणि भरकटणारे स्टिअरिंग: झीज आणि सुधारणा यांतला फरक

या प्रकरणातील गाडी 1972 सालची, क्रोम बंपरची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या छपराची स्पोर्ट्स कार आहे. मालकाची तक्रार तिहेरी होती. गाडी उभी करताना स्टिअरिंग फिरवणे जिकिरीचे होते, वेगात गाडी सरळ रेषेत ठरत नव्हती आणि जोरात ब्रेक दाबला की पुढचा भाग थरथरत होता. त्यांच्या मते दोष मूळ रचनेचाच होता, म्हणून उपायाची सामग्रीही त्यांनी आधीच जमवली होती. तिच्यात टेलिस्कोपिक शॉकअब्सॉर्बर बसवण्याचा संच, पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यांत बसणारी अस्तरे), गाडी इंचभर खाली आणणाऱ्या कडक स्प्रिंग आणि पाऊण इंच जाडीचा अँटिरोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) होता. तेरा इंच व्यासाचे लहान स्टिअरिंग व्हील तर त्यांनी बसवूनही टाकले होते. हे सगळे भाग बसवून द्यावेत एवढीच त्यांची अपेक्षा होती. भाग बसवण्याआधी जुन्या सस्पेन्शनची पूर्ण तपासणी व्हावी, ही अट मी घातली आणि त्यांनी ती थोड्या नाराजीने मान्य केली.

तपासणीचा तर्क समजण्यासाठी रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एमजीबीचे उत्पादन 1962 ते 1980 या काळात झाले. परंतु तिच्या पुढच्या सस्पेन्शनचा वंश त्याहून बराच जुना आहे. 1947 च्या एमजी वाय-टाइपपासून टीडी, टीएफ आणि एमजीए अशी ही रचना चालत आली, आणि तिच्या मूळ आराखड्यामागे पुढे मिनीमुळे प्रसिद्ध झालेले अ‍ॅलेक इसिगोनिस आणि त्यांचे सहकारी जॅक डॅनिएल्स होते. खालच्या बाजूला दोन पत्री हातांचा विशबोन (चाकाला धरून वरखाली हलणारा जोडहात), त्यावर तबकडीत बसलेली कॉइल स्प्रिंग, उभा किंगपिन (ज्याभोवती चाक वळते ती खीळ), आणि वरच्या बाजूला वेगळा विशबोन नसून आर्मस्ट्राँग पद्धतीच्या लिव्हर शॉकअब्सॉर्बरचे हातच वरच्या विशबोनचे काम करतात. या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेक मालकांचे दुर्लक्ष होते. शॉकअब्सॉर्बरचा दांडा त्याच्या घरात सैल झाला, तर केवळ धक्के शोषण्याची क्षमता कमी होत नाही, तर चाकाचा वरचा टेकूच डुगडुगू लागतो.

दुसरी महत्त्वाची बाब अशी की या गाडीत कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कास्टर (बाजूने पाहता किंगपिनचा मागे असलेला कल) जुळवण्याची कोणतीही सोय कारखान्याने दिलेली नाही. टाय रॉडची (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याची) लांबी बदलून टो-इन (चाकांची पुढची टोके किती आत वळली आहेत ते) तेवढा जुळवता येतो. कॅम्बर सुमारे 1 अंश बाहेरच्या बाजूला, कास्टर 7 अंश आणि किंगपिनचा कल 8 अंश हे आकडे भागांच्या मापांतूनच येतात. त्यामुळे एखाद्या बाजूचा आकडा ठरलेल्या मापापासून दूर आढळला, तर तिथे काहीतरी झिजले आहे, वाकले आहे किंवा चुकीचे बसले आहे, असाच निष्कर्ष निघतो. आधुनिक गाडीत अलाइनमेंटचे यंत्र दुरुस्तीचे साधन असते. एमजीबीच्या बाबतीत ते साक्षीदाराचे काम करते.

साक्ष स्पष्ट होती. डाव्या बाजूचा कॅम्बर जवळपास ठीक निघाला. उजव्या चाकाचा माथा मात्र आत झुकलेला होता, म्हणजे तिथला कॅम्बर शून्याच्याही खाली गेला होता. कास्टर दोन्ही बाजूंना मापापेक्षा थोडा कमी आणि एकमेकांशी न जुळणारा होता. उजव्या टायरची आतली कड अधिक झिजलेली होती आणि तिचे कारण इथेच मिळाले.

प्रत्यक्ष तपासणी

पुढचा भाग जॅकने उचलून गाडी घोडीवर घेतली आणि जॅक पुन्हा स्प्रिंगच्या तबकडीखाली लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणले. ही पायरी वगळली, तर सस्पेन्शन खाली लोंबकळत असताना सांध्यांवर भार उलट दिशेने येतो आणि प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, लपून राहतो. त्यानंतर टायरखाली पहार घालून चाक वर उचलले असता उजव्या बाजूला स्पष्ट खटखट जाणवली. अशी खटखट चाकाच्या बेअरिंगचीही असू शकते. म्हणून एकाने ब्रेक दाबून धरला आणि दुसऱ्याने पुन्हा पहार मारली. ब्रेक दाबल्यावर हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि त्याचा आखूड आस, म्हणजे स्टब अ‍ॅक्सल एकजीव होतात, त्यामुळे जो प्ले तरीही उरतो तो किंगपिनचा किंवा त्याच्या वरखालच्या सांध्यांचा असतो. उजवीकडे तो जवळपास सगळाच उरला. डावीकडे थोडा प्ले होता, तो ब्रेक दाबताच नाहीसा झाला. अर्थात तो बेअरिंगचा होता.

जडपणाचा शोध वेगळ्या मार्गाने घ्यावा लागला. दोन्ही टाय रॉड एंड स्टिअरिंगच्या हातांपासून सोडवले की साखळीचे तीन स्वतंत्र तुकडे होतात: डावा किंगपिन, उजवा किंगपिन, आणि रॅकसह (स्टिअरिंगचे फिरणे आडव्या सरकण्यात बदलणाऱ्या दातेरी पट्टीसह) स्टिअरिंग कॉलम. प्रत्येक तुकडा हाताने फिरवून पाहिला. उजवे हब सहज फिरत होते, किंबहुना गरजेपेक्षा जास्तच सहज. डावे हब मात्र दोन्ही हातांनी ढकलावे लागत होते. स्टिअरिंग व्हील फिरवले असता ते एका पूर्ण फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके होत होते. रॅक आतून खराब असेल, तर जडपणा बहुधा रॅकच्या एखाद्या ठरावीक टप्प्यावर, विशेषतः मध्यावर किंवा टोकाला येतो. फेऱ्यागणिक दोनदा येणारा जडपणा हे कॉलम आणि रॅक यांना जोडणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटचे लक्षण आहे. तो सांधा कोरडा पडलेला असतो किंवा त्याच्या दोन बाजू एका रेषेत नसतात.

थोडक्यात, मालकाने एकच दोष मानला होता, तो प्रत्यक्षात परस्परांशी संबंध नसलेल्या तीन दोषांचा गुंता होता. डावा किंगपिन आवळला होता, उजवा सैल झाला होता आणि कॉलमची रेषा चुकली होती. आणलेल्या संचातील एकही भाग या तिन्हींपैकी कशालाही स्पर्श करत नव्हता.

उलगडा

स्प्रिंगमध्ये साठलेली शक्ती जीव घेऊ शकते, म्हणून तबकडीखाली जॅक पक्का ठेवून, खालचा सांधा मोकळा करून जॅक हळूहळू उतरवणे हीच योग्य पद्धत आहे. परंतु उजवा खालचा बोल्ट निघाला नाही. किंगपिनच्या तळाशी असलेल्या बुशमधून एक आडवा बोल्ट जातो, त्यावर अंतर राखणारी नळी आणि दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर असतात. ग्रीस न मिळाल्यास बोल्ट त्या नळीला गंजाने चिकटतो आणि फिरण्याचे काम नको त्या जागी होऊ लागते. इथेही तेच झाले होते. शेवटी किंगपिन आणि विशबोनच्या मधल्या फटीतून बोल्ट दोन्ही बाजूंनी करवतीने कापावा लागला. विशबोनच्या हातांची भोकेही लंबगोल झालेली आढळली, म्हणून ते हात बदलले. ब्रेक दाबताना जाणवणाऱ्या थरथरीचे मूळ हेच होते. ब्रेकचा सगळा जोर चाकाकडून किंगपिनच्या खालच्या टोकावर येतो, आणि तिथे मोकळी जागा असेल तर ते टोक मागेपुढे आपटत राहते.

डाव्या बाजूचा किंगपिन वेगळ्या अर्थाने उपाशी होता. ग्रीस निपलमधून गन लावली असता ग्रीस आत जातच नव्हते. प्रत्येक बाजूला असे तीन निपल असतात आणि वाळलेल्या ग्रीसने वाट बंद झाली, तर गनचा दाब कितीही वाढवला तरी नवे ग्रीस बाहेरच ओघळते. बऱ्याच मालकांना ओघळलेले ग्रीस दिसले की काम झाले असे वाटते. चाके जमिनीवर टेकलेली असताना ग्रीस भरण्याची सवयही इथे घातक ठरते, कारण ज्या बाजूवर भार आहे तिथेच ग्रीस शिरत नाही. चाके अधांतरी ठेवून, स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवत, सगळीकडून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत ते भरत राहिले पाहिजे. इथे एक गैरसमज दूर करणे योग्य होईल. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायर या गाड्यांच्या खालच्या सांध्यात आटे असतात आणि त्यात ग्रीसऐवजी गिअर ऑइल भरावे असे जाणकार सांगतात. तो सल्ला एमजीबीला लावणारे लोक भेटतात. पण एमजीबीचा सांधा साध्या बुशचा आहे आणि त्याला ग्रीसच लागते.

क्रॉसमेंबर (पुढचे सस्पेन्शन आणि रॅक ज्यावर बसतात ती आडवी तुळई) आणि बॉडी यांच्यामधील रबरी गाद्या चेपून कडक झाल्या होत्या, आणि मागच्या गाद्या पुढच्यांपेक्षा अधिक बसल्या असल्या तरी तो फरक दोन्ही बाजूंना सारखा नव्हता. कास्टरमधील विसंगतीचा काही भाग येथून आला असावा. रॅकच्या बैठकीखाली मात्र एकही शिम सापडला नाही. गाडीच्या जुन्या आयुष्यात कधीतरी क्रॉसमेंबर उतरवला गेला असावा आणि तो परत बसवताना पातळ पत्र्याचे हे तुकडे निरुपयोगी समजून टाकून दिले गेले असावेत. कॉलमची रेषा चुकण्याचे कारण मला तेच वाटते.

काय बसवले, काय नाकारले

टेलिस्कोपिक संचाविषयी मालकाशी सर्वांत जास्त चर्चा झाली. या प्रकारच्या बऱ्याच संचांत लिव्हर शॉकअब्सॉर्बर काढून टाकला जात नाही. त्यातील झडप निकामी केली जाते आणि त्याचे शरीर व हात वरच्या विशबोनचे काम करण्यासाठी तसेच राहतात. आणलेला संच याच जातीचा होता. उजव्या शॉकअब्सॉर्बरचा दांडा घरात सैल झाला होता, तेल गळत होते आणि त्यामुळेच चाकाचा माथा आत झुकला होता. त्यावर टेलिस्कोपिक शॉकअब्सॉर्बर लावला असता, तरी तो सैल दांडा चाकाला तसाच आधार देत राहिला असता, आणि नवा खर्च करूनही कॅम्बर जागेवर आला नसता. दांड्याची बेअरिंग आणि सील नवे घालून दोन्ही मूळ शॉकअब्सॉर्बर नूतनीकरण करून घ्यावेत, हे एकदा मान्य झाल्यावर टेलिस्कोपिक संचाची निकडच उरली नाही. नूतनीकरण केलेला लिव्हर शॉकअब्सॉर्बर सामान्य रस्त्यावर कमी पडतो, असे मला कधीच पटलेले नाही. त्याची बदनामी मुख्यतः थकलेल्या नगांमुळे झाली आहे.

किंगपिनच्या बाबतीत नुसते बुश बदलण्याऐवजी दोन्ही बाजूंचे पूर्ण संच घेतले. नवे बुश दाबून बसवल्यावर त्यांना वरखालच्या एकाच रेषेत रीमरने मापात आणावे लागते. दोन बुशांतून एकदम जाणारा योग्य रीमर हाताशी नसेल, तर हे काम करूच नये, कारण वेगवेगळे घासलेले बुश किंगपिनला तिरके धरतात आणि नवाकोरा सांधा जुन्यापेक्षा जड होतो. जोडणी करताना वेगवेगळ्या जाडीचे थ्रस्ट वॉशर लावून उभा प्ले इतपत ठेवला, की हब बोटाने फिरावे, पण वर उचलता येऊ नये.

विशबोनच्या आतल्या टोकासाठी पॉलियुरेथेन बाजूला ठेवून 1973 ते 1976 दरम्यान बनलेल्या एमजीबी जीटी व्ही8 साठी वापरलेल्या पद्धतीचे बुश निवडले. साध्या गाडीचे बुश दोन अर्ध्या तुकड्यांत असलेले सैल रबर असतात, तर व्ही8 चे बुश पोलादी नळीत घट्ट चिकटवलेले एकसंध रबर असते. त्यामुळे विशबोन मागेपुढे सरकणे कमी होते, तरीही रस्त्याची कुरकुर बॉडीत शिरत नाही. माझ्या मते या गाडीवर श्रमांच्या मानाने सर्वाधिक लाभ देणारी सुधारणा हीच आहे. मात्र एक नियम काटेकोर पाळला पाहिजे. चिकटवलेले रबर सरकत नाही, ते पिळले जाते. म्हणून त्याचा नट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच अंतिम घट्ट करावा. सस्पेन्शन लोंबकळत असताना तो आवळला, तर नेहमीच्या उंचीवर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, गाडी थोडी उंच उभी राहते आणि रबर लवकर फाटते. वरच्या सांध्यातील रबरी बुशांनाही हाच नियम लागू आहे.

खाली आणणाऱ्या स्प्रिंगला मी स्पष्ट विरोध केला. गाडी इंचभर खाली बसली की खालच्या विशबोनचा कोन बदलतो, रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) आणखी खाली जाते, टाय रॉड आणि विशबोन यांचे चाप एकमेकांपासून दूर सरकतात आणि खड्ड्यातून जाताना चाक आपोआप थोडे वळू लागते. शिवाय रबरी ठोकळ्यापर्यंतचा प्रवास घटतो. जी गाडी आधीच भरकटत आहे, तिच्यात भरकटण्याचे आणखी एक कारण घालण्यात शहाणपण नव्हते. जुन्या स्प्रिंगची उंची दोन्ही बाजूंना सारखी भरली, म्हणून त्याच परत बसवल्या.

अँटिरोल बारचा निर्णय आकड्यांनी झाला. गाडीवरचा बार 9/16 इंच जाडीचा होता. बारचा पीळ सहन करण्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, त्यामुळे पाऊण इंची बार जुन्याच्या तिपटीहून अधिक ताठर ठरतो, तर 5/8 इंची बार सुमारे दीडपट. मागच्या बाजूला काहीही न बदलता पुढे तिप्पट ताठरपणा आणला, तर वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ लागते. मालक पाऊण इंचावर अडून होते. हे गणित कागदावर पाहिल्यावर त्यांनी 5/8 इंचाचा बार स्वीकारला. खरे तर बारच्या जोडदांड्यांचे बुश एवढे झिजले होते की जुना बार बराच काळ काही कामच करत नसावा.

बेअरिंगच्या जोडणीत एक जुना दोष आढळला. दोन टेपर बेअरिंगच्या मधली पोलादी नळी आणि शिम यांऐवजी कुणीतरी नुसता नट अंदाजाने आवळून ठेवला होता. आधुनिक गाड्यांची सवय असलेल्या कारागिराला ही नळी अनावश्यक वाटते. परंतु नट पूर्ण आवळल्यावर ती स्टब अ‍ॅक्सलला वाकण्याविरुद्ध बळ देते. नळी परत घातली आणि शिम बदलत एंड फ्लोट (बेअरिंगची आसाच्या दिशेची मोकळीक) 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या मर्यादेत आणला. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला पर्याय नाही.

रॅक सुस्थितीत होता. त्याचे रबरी बेलो आणि दोन्ही टाय रॉड एंड तेवढे बदलले. दोन्ही बाजूंचे आटे मोजून सारखे ठेवले, म्हणजे रॅक मध्यावर असताना स्टिअरिंग व्हीलही सरळ राहते. युनिव्हर्सल जॉइंट नवा घातला. त्यानंतर रॅक प्रथम पक्का आवळून, कॉलमचे बोल्ट सैल ठेवून, स्टिअरिंग अनेकदा फिरवले, कॉलम आणि पिनियन यांची रेषा पाहून रॅकच्या बैठकीखाली शिम घातले आणि मगच कॉलम आवळला. फेऱ्यातील दोनदा येणारा जडपणा पूर्णपणे गेला.

निष्पत्ती

गाडी चाकांवर उभी करून, थोडी हलवून बसू दिली आणि मग मोजणी केली. दोन्ही बाजूंचा कॅम्बर अपेक्षित मापाच्या पाव अंशाच्या आत आला. कास्टर नव्या गाद्यांमुळे 7 अंशांच्या जवळ आणि दोन्हीकडे सारखा झाला. टो-इन 1.5 ते 2.3 मिलिमीटर या मर्यादेत ठेवला. कॅम्बर बदलण्यासाठी तिरक्या भोकाचे बुश किंवा लांब विशबोन मिळतात. तसल्या भागांची गरज पडली नाही. झीज लपवण्यासाठी ते वापरलेले मी पाहिले आहेत, आणि तशी गाडी काही काळाने अधिक गोंधळात टाकते.

रस्त्यावर थरथर आणि भरकटणे दोन्ही थांबले. उजव्या टायरची आधीच झिजलेली कड अर्थातच भरून येणार नव्हती. पुढचे दोन्ही टायर बदलले आणि चाके बॅलन्स करून घेतली.

जडपणा बराच कमी झाला, तरी गाडी उभी करताना तो काहीसा शिल्लक आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे एमजीबीचा 7 अंशांचा कास्टर जुन्या बांधणीच्या क्रॉसप्लाय टायरच्या काळात ठरला, आणि रेडियल टायर स्वतःहून सरळ होण्याचा जोर अधिक लावतात. दुसरे कारण ते लहान स्टिअरिंग व्हील. मूळ व्हीलचा व्यास 15 इंचांहून अधिक आहे. 13 इंची व्हीलवर तेवढेच वळण देण्यासाठी हातांना सुमारे सहाव्या हिश्श्याने अधिक जोर लावावा लागतो. मालकाने मूळ व्हील परत बसवले. क्रॉसमेंबरखाली पाचर घालून कास्टर 5 अंशांच्या आसपास आणण्याचा पर्याय त्यांना सुचवण्यात आला होता, आणि तो बेकायदा किंवा घातक नाही. अनेकांनी तो समाधानाने वापरला आहे. पण कास्टर कमी केला की गाडीचा सरळ राहण्याचा स्वभावही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि तो नुकताच परत मिळाला होता. म्हणून तूर्तास पाचर घातलेली नाही. पुढे हात थकू लागले तर कास्टरला हात न लावता विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बसवण्याचा विचार करावा, असे मी सांगितले आहे.

नवे बुश आणि वॉशर बसल्यावर खालच्या सांध्याचे नट आणि टो-इन पुन्हा तपासले गेले, तेव्हा टो-इन किंचित सरकला होता आणि तो जुळवून घेतला. तिन्ही निपलना दर 3,000 मैलांनी, म्हणजे सुमारे 5,000 किलोमीटरनंतर, चाके उचलून ग्रीस भरायचे ठरले आहे. कमी चालणाऱ्या गाडीसाठी वर्षातून किमान दोनदा, मग अंतर कितीही कमी झालेले असो. टेलिस्कोपिक संच, पाऊण इंची बार आणि खाली आणणाऱ्या स्प्रिंग मालकाने विक्रीला काढल्या आहेत. पॉलियुरेथेनचे बुश त्यांनी ठेवून घेतले, कारण मागच्या पानपट्ट्यांच्या स्प्रिंगच्या टोकांना ते उपयोगी पडतील का, हा प्रश्न अजून तपासायचा आहे.